पिवळा कुणाच्या घरी

आमच्या घरात दगडांना पाहुण्यांसारखं वागवायचे आणि पाहुण्यांना दगडांसारखं. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी हे सासूबाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता तुझा नवरा आहे, तुझं तू बघ बाई." म्हणजे त्यांनी केव्हाच हात टेकले होते.

हे, म्हणजे माझे यजमान, ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते. आम्ही राहायचो पंचवटीत, आडगाव नाक्याच्या बाजूला, भाड्याच्या दोन खोल्यांत. त्यातली एक खोली आमची आणि दुसरी दगडांची. दिवाणाखाली दगड, फळीवर डब्यांच्या मागे दगड. बाळंतपण करून माहेराहून आले, तर पाळण्याखालीही एक खोकं सरकवून ठेवलेलं. मी खूप बोलायचे. माझं तोंड पहिल्यापासून असंच आहे, हिचं सासरी कसं होणार म्हणून आई काळजी करायची. हे सगळं ऐकून घ्यायचे आणि दाढीच्या जुन्या ब्रशने एखाद्या दगडाच्या फटीतली माती काढत बसायचे.

रस्त्यावरचे दगड नव्हेत म्हणा ते. आमच्याकडचा काळा कातळ वरून दिसतो तसा आत भरीव नसतो. मधेमधे पोकळ्या असतात आणि त्यांत स्फटिक वाढलेले असतात. पांढरे, गुलाबी, हिरवट, काही तर काचेसारखे आरपार. शेतकरी विहीर खणायला घेतात, खाली कातळ लागला की सुरुंग उडवतात, आणि फुटलेला मलबा यारीने, म्हणजे दोरखंडाच्या क्रेनने, वर आणून टाकतात. त्या ढिगात हे असलं सौंदर्य पडलेलं असतं. विहीरवाल्याला पाण्याचा घोर, तो कशाला बघतोय! चार दिवसांनी त्याच ढिगावर मुरूम पसरून रस्ता होतो. त्याच्या आत तिथे जाऊन पोचायचं, असा आमच्या ह्यांचा रविवार.

आणि ह्यांचा रविवार म्हणजे भाऊजींचा रविवार. भाऊजी म्हणजे ह्यांचे मित्र, त्याच कारखान्यात, त्याच शॉपमध्ये. राहायचे ओझरला, कॉलनीत. मूळचे सायखेड्याचे, शेतकऱ्याच्या घरातले, हसले की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. त्यांची बायको माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. स्कूटरवर पुढे हे, मागे भाऊजी आणि दोघांच्या मध्ये गोणपाट, हातोडे, पहार आणि ताईंची भाकरी-चटणी. सकाळी माणसं म्हणून जायचे आणि संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे पांढरे होऊन यायचे. कुठे विहीर लागलीय याची बातमी चहाच्या टपरीवरून, ट्रॅक्टरवाल्यांकडून, यारीच्या मुकादमांकडून यायची. आमच्या लग्नाचा वाढदिवस ह्यांना एकदाही आठवला नाही, पण कुणाच्या शिवारात किती हातांवर कातळ लागला ते विचारा!

सापडलेल्या मालाची वाटणी आमच्या ओट्यावर व्हायची, आणि तिची पद्धत भाऊजींच्या घरची होती. त्यांच्याकडे भावाभावांत शेत वाटायचं झालं की मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. वाटे पाडणारा मग झक मारत चोख पाडतो. हे वयाने मोठे, म्हणून हे जुना पेपर पसरून दोन वाटे करायचे आणि भाऊजी उचलायचे. मी दारात चहाचे कप घेऊन उभी असायचे, त्यामुळे मला एक गोष्ट दिसायची. भाऊजी उचलण्याआधी दगडांकडे बघायचेच नाहीत, ह्यांच्या तोंडाकडे बघायचे. ह्यांची नजर ज्या दगडावर घुटमळायची तो वाटा ते सोडून द्यायचे. ह्यांना हे कधी कळलं की नाही, कोण जाणे. एकट्याने जाऊन कुणी काही आणलं, तर ते त्याच संध्याकाळी दुसऱ्याला दाखवायचं, हाही एक नेम होता. न दाखवता कपाटात गेलेला दगड चोरीचा, असं भाऊजी म्हणायचे.

मग त्या पिवळ्याचं खूळ शिरलं. कॉलेजात शिकवणारे कुणी एक सर ह्यांना विहिरीवर भेटले. ते म्हणाले, नाशिकच्या कातळात क्वचित एक पिवळा स्फटिक निघतो, मधाच्या रंगाचा, दोन्ही बाजूंना टोक असलेला, आणि तसा चांगला नग मिळावा म्हणून परदेशातली माणसं आयुष्य घालवतात. झालं! त्या दिवसापासून बाकीच्या सगळ्या दगडांची किंमतच गेली. आधी ज्या हिरव्या स्फटिकासाठी दोघं ओट्यावर नाचले असते, तसला आता सरळ दिवाणाखाली जायचा. विचारलं तर म्हणायचे, "चांगला आहे गं, पण पिवळा नाही ना."

मी खूप वेळा विचार केलाय, या माणसांना नेमकं काय लागत असेल. सापडल्याचा आनंद म्हणावा, तर तो दोन दिवस टिकायचा. हुकल्याची चटक मात्र जबरदस्त होती. एखादा मुकादम म्हणायचा, "परवा निघालं व्हतं सायेब पिवळं कायतरी, पोरांनी बांधावर फेकलं." की हे दोघं तो अख्खा बांध उकरणार. काही मिळायचं नाही. रिकाम्या हाताने यायचे आणि डोळे असे चमकत असायचे, जसं काही आज मिळालाच होता. रिकाम्या हाताने आलेल्या दिवशी हे माझ्याशी जास्त गोड बोलायचे, हेही मी सांगून ठेवते. मला म्हणून ते रिकामे दिवस आवडायचे.

पिवळा सापडला तो सायखेड्याच्या वाटेवर, भाऊजींच्याच एका चुलत्याच्या विहिरीत. एकच पोकळी, आणि तीत गुलाबीसर पांढऱ्या थरावर एकटाच बसलेला तो. सुपारीएवढा. मला दगडातलं काही कळत नाही, तरी मी कपडे वाळत टाकायचे सोडून बघत बसले. उन्हात धरला की आत दिवा लावल्यासारखा व्हायचा. पहिल्यांदा कुणाला दिसला यावर दोघांचं भांडण झालं, आणि तेही उलटं. हे म्हणायचे, त्याने पाहिला. भाऊजी म्हणायचे, छट्, मी तर पाठ करून उभा होतो.

पण आता वाटे कसे पाडायचे? हे पेपर पसरून त्याच्यासमोर बसून राहिले. एका दगडाचे दोन वाटे होत नाहीत. शेवटी भाऊजींनीच तोडगा काढला. त्यांच्या घरी कुळदेवीचा कुळाचार भावाभावांत फिरता असायचा, एक वर्ष एकाकडे, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याकडे. "तसंच करू लेका," भाऊजी म्हणाले. "एक वर्ष तुझ्या घरी, एक वर्ष माझ्या. दिवाळीच्या पाडव्याला न्यायचा." पहिलं वर्ष त्यांनी अर्थातच आम्हाला दिलं.

काय मजेचे पाडवे होते ते! पिवळा टॉवेलात गुंडाळून, करंज्यांच्या डब्याशेजारी पिशवीत घालून आम्ही एसटीने ओझरला जायचो, नाहीतर ते सगळे आमच्याकडे यायचे. पहिल्या वर्षी ताई हळदकुंकवाची कोयरी घेऊन पुढे झाल्या, सवयीनेच. दोघे बाप्ये असे ओरडले, "डाग पडेल, डाग!" की शेजारीण धावत आली. आमच्या मुलांना वाटायचं पाडवा हा पिवळ्याचाच सण असतो. बायकोला ओवाळणी राहिली तरी चालेल, पिवळा राहता कामा नये. मी टोमणे मारायचे, पण खरं सांगते, त्या दगडाने दोन घरं एक केली होती. सख्ख्या दिरांकडे आमचं इतकं जाणंयेणं नव्हतं.

अशी काही वर्षं गेली. मग एका दिवाळीत, पिवळा भाऊजींकडे होता आणि आमच्याकडे यायचा होता, तेव्हा पाडव्याच्या आदल्या दिवशी भाऊजींचा निरोप आला की सायखेड्याला कुणी आजारी आहे, यंदा जमत नाही. हे म्हणाले, असू दे, नंतर आणू. नंतर विषय निघाला की भाऊजी बोलणं दुसरीकडे न्यायचे. रविवारीही काहीतरी निमित्त काढू लागले. हे चिडले. "लोभ सुटला वाटतं त्याला," असं एकदा माझ्यापाशी बोलले. मी म्हटलं, भाऊजींना लोभ? काहीही काय!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी ओझरला गेले. बाकीच्या बायका उठल्या तशी ताईंनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. मला वाटलं, काय आभाळ कोसळलं! तर त्यांनी पिठाच्या डब्यामागून एक पुरचुंडी काढली. पिवळाच होता. पण पांढराफटक. डोळ्यात फूल पडावं तसा.

झालं होतं असं. स्फटिकाच्या पायाशी नखाएवढी चुन्याची खपली होती. तुम्हाआम्हाला ती दिसलीही नसती, पण ही माणसं पौर्णिमेच्या चंद्राकडे बघतानाही डागच आधी बघणार. यंदा आमच्याकडे येताना तो अगदी निर्मळ होऊन यावा, असं भाऊजींच्या मनात आलं. इतर दगडांवरचा चुना ते दोघं संडास धुवायच्या ॲसिडने काढायचे, नेहमीचंच होतं ते. त्यांनी प्लास्टिकच्या टबात ॲसिड ओतलं आणि पिवळा बुडवला. चुना गेला, आणि बघता बघता चमकही गेली. इतर दगडांना जे सोसतं ते ह्याला सोसत नव्हतं, आणि हे कळायला दुसरा पिवळा कुणाकडे होता? "टब मांडीवर घेऊन बसले होते हो मोरीत," ताई म्हणाल्या. "मी हाक मारली तर वर बघेनात. म्हणतात, त्याला कुठल्या तोंडाने सांगू? तसलाच दुसरा शोधून आणीन आणि मगच त्याच्या दारात जाईन."

ताईंनी मला शपथ घालायचा प्रयत्न केला, पण मी तीळगूळ तोंडात घालून वेळ मारून नेली. माझ्या पोटात काही राहत नाही, हे मला ठाऊक आहे. घरी आल्या आल्या मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी चष्मा काढला. डोळे पुसले. मग म्हणाले, "त्याने मला सांगितलेलं नाही. म्हणजे मला माहीत नाही. तूही गप्प राहा."

"अहो, जा आणि सांगा त्यांना की एका दगडाचं काय एवढं!"

"तसं सांगितलं तर तो माझ्यासमोर कधीच उभा राहणार नाही," हे म्हणाले. "मी ओळखतो त्याला. मीच शोधतो दुसरा. शोधून मुकादमाकडे देतो आणि सांगतो की त्याला कळव, तुमच्यासाठी पिवळा निघालाय म्हणून. तो घेऊन जाईल, पाडव्याला आपल्याकडे आणेल. झालं."

मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! दहा वर्षांच्या संसारात मला हा माणूस त्या दिवशी जेवढा आवडला तेवढा आधी कधी आवडला नव्हता.

मग सुरू झाला तो शोध. आता स्कूटरवर हे एकटेच. भाऊजीही एकटेच, एसटीने, नाहीतर कुणाच्या मोटरसायकलवर. दोघं एकाच दगडाच्या मागे, एकमेकांसाठी, आणि एकमेकांना चुकवून. सिन्नरकडे गेले तर मुकादम सांगायचा, "तुमचं दोस्त येऊन गेलं की परवा." घोटीकडे गेले तर तेच. भाऊजींनी कारखान्यात पाळी बदलून घेतली होती, त्यामुळे तिथेही भेट होईना. पाडवे येत होते आणि जात होते. दरवेळी काहीतरी निरोप यायचा आणि हे म्हणायचे, हरकत नाही, सावकाश आणा. मुलं विचारायची, यंदा पण नाही? मी म्हणायचे, गप्प बसा, करंज्या खा.

आणि पिवळा मिळाला. घोटीच्या अलीकडे, भाताच्या खाचरांच्या वरच्या अंगाला एक विहीर चालू होती, तिथे. हे संध्याकाळी आले आणि दारातूनच मला हाक मारली. आवाजावरूनच कळलं. टॉवेल उलगडला. पहिल्यापेक्षा मोठा, पहिल्यापेक्षा गडद, दोन्ही टोकं शाबूत, पायाशी चुन्याचं नाव नाही. आम्ही दोघं जमिनीवर बसून त्याच्याकडे बघत राहिलो. मी म्हटलं, "चला, सुटले बाई भाऊजी एकदाचे!"

"हो," हे म्हणाले. "उद्या देऊन येतो मुकादमाकडे. आज राहू दे इथे."

उद्याला ह्यांची ड्यूटी होती. परवा पाऊस होता. त्या रविवारी म्हणाले, आधी नीट साफ करतो, नाहीतर त्याला कळेल कुणीतरी हाताळलाय. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाले, लावणी चालू आहे, मुकादम गावाकडे गेला असेल. मग म्हणाले, जरा मोठाच आहे, तो ओळखेल की हा तो नाही. मी म्हटलं, अहो, ओळखायचाच आहे त्यांनी, त्यांच्याच हातून गेलाय ना पहिला! शेवटी एके दिवशी म्हणाले, "पाडव्याला तो आपल्याच घरी येणार ना? मग आत्ताच आहे की आपल्या घरी. उगाच फिरवायचा कशाला?"

मी लाटणं खाली ठेवलं. "तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला ऐकू येतंय का?"

त्यांना ऐकू येत होतं. म्हणून तर ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी भांडले. रडून भांडले, अबोला धरला, जेवण वाढून समोर बसले नाही. पिवळा लोखंडी कपाटात गेला आणि किल्ली ह्यांच्या खिशात. सकाळी आंघोळीनंतर काढायचे, खिडकीशी धरायचे आणि परत ठेवायचे. तेव्हा त्यांचा चेहरा बघवायचा नाही. सुख असायचं त्यावर, आणि सुखाची चोरी पकडली गेल्यासारखं काहीतरी. न सापडलेली वस्तू देऊन टाकायला काय लागतं? सापडेपर्यंत कुणीही उदार असतो. हे वाईट नव्हते हो. दुसरं काहीही मागा, अंगावरचा सदरा काढून देतील. शेजारच्यांच्या मुलाला रक्त लागलं तेव्हा जेवण टाकून धावले होते. पण हा एवढासा दगड त्यांच्या मुठीतून सुटेना.

मी ताईंना सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. जिच्या पोटात काही राहत नाही तिच्या पोटात हे मात्र राहिलं. नवऱ्याची लाज होती ती, आणि ती वेशीवर टांगायला मी काही तयार नव्हते. मला वाटायचं, आज ना उद्या स्वतःहून नेतील. असं करता करता वर्षं गेली. आता एक जण शरमेने तोंड चुकवत होता आणि दुसरा लोभाने. कुणाच्या बारशाला, कुणाच्या लग्नात दोघं समोर आले तर "काय, बरं ना?" "बरं आहे" इतकंच. ते गडगडाटी हसणं मी पुन्हा ऐकलं नाही. भाऊजी मात्र रविवार चुकवत नव्हते. ताई फोनवर सांगायच्या, "अजून जातात हो. गुडघे दुखतात तरी उतरतात विहिरीत. म्हणतात, एक मिळाला की मग बंद."

एक मिळाला की मग बंद. फोन ठेवून मी कपाटाकडे बघत बसायचे.

मग ताईंचा फोन आला तो दवाखान्यातून. भाऊजींच्या पोटात गाठ निघाली होती आणि उशीर झाला होता. हे फोनशेजारीच बसले होते. मी काही बोलायच्या आत उठले, कपाट उघडलं आणि पिवळा टॉवेलात गुंडाळला. मी चपला पायात सरकवल्या. वाटेत रिक्षात ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, तान्हं मूल घेऊन बसावं तसे.

दुपारची भेटायची वेळ होती. भाऊजी खिडकीजवळच्या कॉटवर होते, आणि मला आधी ओळखूच आले नाहीत, इतके आटले होते. आम्हाला बघून हसले. "या वहिनी. अजून बोलता का तेवढंच?" मी म्हटलं, कमी कशाला करू?

हे कॉटच्या कडेला बसले आणि टॉवेल उलगडला.

भाऊजींनी ताईंना चष्मा मागितला. पिवळा दोन्ही हातांनी धरला आणि खिडकीकडे केला. आजारी माणसाच्या तोंडावर तेवढं तेज मी कधी बघितलं नाही. उलटसुलट करून टोकं तपासली. पायावरून बोट फिरवलं. "स्वच्छ आहे," म्हणाले. "ह्याला ॲसिड लावू नकोस हं. माझा गेला त्यानेच. तुला कळलंच असेल म्हणा, वहिनींना माहीत होतं म्हणजे गावाला माहीत होतं."

हे मान खाली घालून बसले होते. "घोटीचा आहे," एवढंच म्हणाले.

"माहीत आहे," भाऊजी म्हणाले. "मी दुसऱ्या दिवशी पोचलो तिथे. मुकादम म्हणाला, तुमचं ते चष्मेवालं दोस्त कालच घेऊन गेलं. मला इतका आनंद झाला रे! धावतपळत घरी आलो. हिला म्हटलं, आज तो येणार दाखवायला. चहा ठेवू नको, तो आल्यावर ठेव. म्हटलं, तो पिवळा घेऊन आला की मीही माझा काढतो त्याच्यासमोर आणि सांगून टाकतो एकदाचं."

ताई पाठ करून पाण्याचा तांब्या उगाच सारखा करत होत्या.

"मग आलो नाही मी," हे म्हणाले.

"नाही आलास." भाऊजींनी पिवळा पुन्हा उजेडात धरला. "असू दे रे. कसला निघालाय बघ ना! तुझ्या जागी मी असतो तर मीही नसता दिला."

हे घाईघाईने म्हणाले, "ठेव तुझ्याकडे. तुझं वर्ष आहे."

"इथे कुठे ठेवू? औषधांच्या गडबडीत जायचा." त्यांनी स्वतःच तो टॉवेलात गुंडाळला, नीट, कोपरे दुमडून, आणि ह्यांच्या हातात दिला. "घेऊन जा. तुझा आहे तो."

आजवर पिवळ्याला कधी कुणी एकाचा म्हटलं नव्हतं. भाऊजी त्या आठवड्यातच गेले.

त्या दुपारी दवाखान्यातून निघताना हे जिन्यात थांबले होते. लोक वर जात होते, खाली येत होते, कुणी डबे घेऊन, कुणी रिपोर्ट घेऊन. हे कठड्याला धरून उभे होते आणि पिशवी छातीशी होती. मला वाटलं, चक्कर आली. मी दंड धरला.

"तो खोटं बोलला गं," हे म्हणाले. "त्याने दिला असता."

मी आयुष्यभर ह्यांच्या प्रत्येक बोलण्याला काहीतरी उत्तर दिलंय. तेव्हा मात्र मला 'नाही हो' म्हणता आलं नाही, कारण भाऊजींनी दिलाच असता.